उलट्या कात्रीची दलाली

मी कात्री बोलतेय. आवाज जरा दबलेला वाटला तर समजून घ्या. दाराच्या चौकटीला उलटी टांगलेली आहे, टोकं खाली आणि मुठी वर. अशा अवस्थेत कुणाचाही आवाज दबेल.

तशी मी चांगल्या घरातली. कोरियातल्या सुवन शहरात निखाऱ्यांवर भाजलेल्या फासळ्यांचं, म्हणजे गाल्बीचं, एक हॉटेल आहे. दुपारपासून माणसं बाहेर रांग लावून उभी असतात. मी तिथली. कपडे कापणाऱ्या कात्र्यांबद्दल मला कधी फारसा आदर वाटला नाही. चिंध्या कापण्यात कसला आलाय पराक्रम? मी भाजल्या मांसाचे तुकडे करायची, तेही चरचरत्या जाळीवर, धुरात, बोटांना चटके बसत असताना.

टेबलावर पडल्या पडल्या मी माणसं ओळखायला शिकले. ज्याच्या हातात कात्री तो त्या टेबलावरचा सगळ्यात लहान, नाहीतर सगळ्यात प्रेमळ, नाहीतर कुणाकडून तरी काम काढून घ्यायला आलेला. साहेब लोक मला हात लावत नाहीत. नवा जावई सासूसाठी इतके बारीक तुकडे करतो की निम्मे जाळीतून निखाऱ्यात पडतात. लग्न जुनं झालं की तुकडे मोठे होत जातात.

एका दुपारी दोन बायका आल्या. एक बोंग-इम, साठी ओलांडलेली, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली. दुसरी तिच्याच इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची नाम-ई, वयाने थोडी लहान आणि तोंडाने बरीच मोठी. नाम-ई मन लावून जेवत होती. बोंग-इमने मात्र घास उचलला नाही, ती सारखी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, माझ्या धारेवर भाळली असावी.

"ताई, आत्ता!" नाम-ई दबक्या आवाजात म्हणाली. "वाढणारी मावशी निखारे आणायला गेलीय."

"अगं, कुणी बघेल."

"बघेना का! टाक पिशवीत!"

पुढच्या क्षणी मी हातरुमालात आणि हातरुमाल पिशवीत. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पळवून नेत होतं. खरं सांगू? जरा बरंही वाटलं.

घोटाळा झाला तो इमारतीच्या जिन्यात. जिन्दाल्ले विला हे त्या इमारतीचं नाव. विला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बाग आणि कारंजं आलं असेल तर ते काढून टाका. पाच मजले, लिफ्ट नाही, आणि जिन्यात कोणाकडे कोबीचं लोणचं जास्त आंबलंय ते वासावरून कळतं. चढता चढता बोंग-इम म्हणाली, "मी वाटीखाली कात्रीचे पैसे ठेवून आले गं."

नाम-ई थबकली. "काय केलंस?"

"चोरी माझ्याच्याने होईना. वीस हजार ठेवले. नवी येईल त्यांना."

"अगं ताई, पैसे ठेवलेस तर ती चोरी कसली? ती खरेदी झाली! खरेदीच्या कात्रीने घर विकलं जात नाही!"

तेव्हा मला माझी नेमणूक कळली. घर विक्रीला काढलं आणि गिऱ्हाईक येईना, तर जोरात चालणाऱ्या हॉटेलातली कात्री चोरून आणायची आणि दारात उलटी टांगायची. घराला जे काही चिकटून बसलंय ते ती कापून मोकळं करते, असं म्हणतात. 'असं म्हणतात' यापलीकडे त्याला पुरावा नाही. पण कात्री चोरलेलीच हवी. मागून आणलेली चालत नाही, विकत आणलेली तर मुळीच नाही.

"मग भाड्याने आणली असं समज," बोंग-इम म्हणाली आणि तिने मला पाचव्या मजल्यावरच्या आपल्या दारात आतल्या बाजूने टांगलं. त्यामुळे मी शुभ आहे की नुसतीच लोखंडी, हा वाद पहिल्या दिवसापासून मिटलेला नाही.

ते घर विकणं का अडलं होतं, ते टांगल्या टांगल्याच समजलं. आतून कुबडी टेकत टेकत एक म्हातारा आला. बोंग-इमचा नवरा मान-शिक. जन्मभर शहराची बस चालवलेली. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं, चौघांनी स्ट्रेचरवरून पाचव्या मजल्यावर आणून ठेवलं, आणि तेव्हापासून स्वारी खाली उतरलेली नव्हती. घरात फिरायचा, खिडकीत बसायचा, खालून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरांना नावं ठेवायचा. "वळण बघा, वळण! प्रवासी आहेत की बटाट्याची पोती?"

त्याची एकच इच्छा होती आणि ती दिवसातून चारदा बोलून दाखवायचा. सार्वजनिक स्नानगृहात जायचं, गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसायचं, आणि जुन्या मित्रांपैकी कुणाकडून तरी पाठ घासून घ्यायची. घरच्या बादलीतलं पाणी अंगावर पडतं, अंगात शिरत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या एका शाळासोबत्याचं तळमजल्यावरचं घर रिकामं होणार होतं. उंबऱ्यापुढे एक पायरी आणि रस्त्यापलीकडे स्नानगृह. सोबत्याने शब्द दिला होता, पण मुदत घालून. छुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणापर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. त्या घराचे एकोणीस कोटी, वर सामानाची हलवाहलव आणि दलाली. म्हणजे हे घर वीस कोटींच्या खाली देणं परवडणारं नव्हतं. वोनचे कोटी ऐकून दचकू नका, आमच्याकडे वीस कोटींत लिफ्टसुद्धा मिळत नाही.

आता मेंग साहेब. खालच्या चौकातला दलाल. रुंद खांदे, रुंद टाय, आणि पाच मजले चढून आला की पहिलं वाक्य फुटायला बराच वेळ लागायचा. दलालीला आमच्याकडे बोकबी म्हणतात. बोक म्हणजे भाग्य. घर दाखवणाऱ्याला भाग्याची फी द्यायची! मांस कापणाऱ्याला कधी कुणी पराक्रमाची फी दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी येण्याआधीची हकिगत मला बोंग-इमच्या बडबडीतून कळली. दुसऱ्या एका दलालाने आधीच सांगितलं होतं, वीस मिळतील, फार तर साडेवीस. मेंगने घर बघितलं, खिडकीतून वारा घेतला आणि छातीवर हात मारून म्हणाला, "तेवीस! डोळे झाकून तेवीस, काकू!" झालं. घर मेंगकडे गेलं. आपल्या पोराला हुशार म्हणणारे मास्तर कुणाला आवडत नाहीत?

तेवीसला कुत्रंही फिरकलं नाही. मग मेंग म्हणाला बावीस करा, मग म्हणाला एकवीस करा. मी दारात आल्यावर उन्हाळ्याच्या ऐन उकाड्यात तो घाम पुसत आला, टेकला, जवाचा गार चहा प्यायला आणि म्हणाला, "काकू, अठरा."

बोंग-इमच्या हातातलं ताट वाजलं. "तेवीस कुणी सांगितले होते?"

"तेव्हा बाजार तेवीसचा होता."

"तेव्हा बाजार नव्हता, तेव्हा तुम्हाला आमचं घर हवं होतं!"

"काकू, पाचवा मजला आहे. लिफ्ट नाही. लोक तिसऱ्या मजल्यावरूनच परत जातात. माझं ऐका, अठरा लावा, हातोहात जाईल."

इतका वेळ मान-शिक खिडकीत होता. तो वळला. "मेंग साहेब, एक विचारू? वीसला गेलं तर तुमची बोकबी किती?"

"कायद्याने जास्तीत जास्त आठ लाख, काका."

"आणि अठराला गेलं तर?"

मेंगने रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला. "खालच्या टप्प्याला टक्का थोडा जास्त आहे. पण वरून आठ लाखांचं झाकण आहे. म्हणजे... आठच लाख."

"म्हणजे आमचे दोन कोटी गेले तरी तुमचा एक वोनही जात नाही."

"काका, कायदा मी केलेला नाही!"

"नाही हो. पण सल्ला तुम्ही देताय."

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. हॉटेलात असते तर त्याच्यासाठी मी फासळीला चिकटलेला गोड तुकडा आपणहून काढून दिला असता.

मग मान-शिकनेच तोडगा काढला. किंमत साडेवीस लावायची. घर वीसला किंवा वर गेलं तर बोकबी पूर्ण. खाली गेलं तर निम्मी. मेंगने मान हलवली, पुन्हा हलवली, आणि शेवटी होकार दिला. "काका, तुम्ही बस चालवायचात की बँक?"

"बसमध्ये सुट्टे पैसे कोण देत नाही ते बघून बघून शिकलो."

पण मेंगनेही आपली अट घातली. गिऱ्हाईक घर बघायला येईल तेव्हा काका दिसता कामा नयेत. घरात कुबडीवरचा माणूस दिसला की गिऱ्हाइकाला कळतं, यांना विकायची घाई आहे. मग ते भाव पाडतं.

"काकांना थोडा वेळ खाली फिरायला पाठवा," मेंग बोलून गेला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. बोंग-इमला मात्र आलं नाही.

"तर मग मागच्या खोलीत बसवा. दार लावा. विचारलं तर अडगळीची खोली म्हणू."

"माझा नवरा अडगळ?" बोंग-इमने डाव उगारला. नक्की हाणला असता.

"असू दे गं," मान-शिक म्हणाला. "वर्षभर एका जागी ठेवलेल्या वस्तूला दुसरं काय म्हणतात?"

तो हसत बोलला. मला रागच आला. माझ्या पात्यांना तेव्हा आवाज असता तर मी कचकन वाजले असते.

पुढचे कितीतरी आठवडे मी एकच खेळ पाहिला. घंटी वाजायची, मान-शिक अडगळीत जायचा, धापा टाकणारी माणसं आत यायची. कुणी नळ सोडून बघायचं, कुणी भिंतीवर टकटक करायचं. कुणी मला बघून हसायचं आणि बरोबरच्याला कोपराने ढोसायचं. सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच असायचं, "कळवतो." छुसोक जवळ आला. बाजारात सणाच्या फळांच्या पेट्या आल्या. शाळासोबत्याचा फोन आला, दुसरं कुणीतरी त्याच्या घराला विचारतंय म्हणून. त्या रात्री बोंग-इम माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई गं, पैसे ठेवले ते चुकलंच माझं. पण आता काहीतरी कर." मी काय करणार? मला मांस येतं.

मग एक दिवस हा-रिम आली. इस्पितळात नर्स, एकटी राहणारी, डोळ्यांखाली काळं. पाच मजले चढून आली तरी दम लागलेला नव्हता. तिने नळ सोडला नाही, भिंती बघितल्या नाहीत. दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटले आणि नुसती ऐकत राहिली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून शिंक आली. साधीसुधी नाही, बस ड्रायव्हरची शिंक.

"हा कसला आवाज?" हा-रिमने डोळे उघडले.

"शेजारी!" मेंग पटकन म्हणाला. "शेजारी शिंकले."

"शेजारच्यांची शिंक इतकी स्पष्ट ऐकू येते?" ती दाराकडे वळली. "मग नको. मला रात्रपाळी असते, मी दिवसा झोपते. आत्ता राहते तिथे डोक्यावर दोन मुलं धावतात. फरशीवर आणि माझ्या मेंदूवर. आवाजाचं घर मला नको." तिने बुटात पाय घातलासुद्धा. माझ्या अगदी खाली उभी होती. बोंग-इमचा चेहरा मला दिसत होता, आणि तो बघवत नव्हता.

मागच्या खोलीचं दार उघडलं. कुबडी टेकत मान-शिक बाहेर आला. "शेजारी नाही हो बाई. मी शिंकलो. मी या घराची अडगळ."

मेंगने कपाळाला हात लावला.

"शेजारी शिंकला तर मला इथे ऐकू येत नाही. आला असता आवाज तर बरं झालं असतं, वर्षभर तेवढीच सोबत झाली असती. आणि वरचं म्हणाल तर वर कुणी नाहीच, वर आभाळ आहे. एवढी वर्षं राहिलो, डोक्यावर पाय वाजला तो फक्त पाखरांचा." मग त्याने तिच्या बुटांकडे पाहिलं. "खोटं सांगत नाही. लिफ्ट नाही, ते तुम्ही पाहिलंत. उन्हाळ्यात छत तापतं, तेही सांगतो. ही बाई तुम्हाला जेवायला थांबा म्हणेल, तेही सांगतो. पण शांतता हवी असेल तर इथे आहे."

हा-रिमने बूट काढला. "मी जरा आडवी होऊ का? पाचच मिनिटं. खरंच आवाज येत नाही ना, ते बघायचंय."

तिला काही वेळ खरोखर फक्त ऐकायचं असावं. पण ती जमिनीवर आडवी झाली, बोंग-इमने डोक्याखाली उशी सरकवली, आणि ती झोपली. साधी डुलकी नाही. तोंड उघडं टाकून, हात पसरून, मेलेल्या माणसासारखी झोपली. तिघंजण तिच्याभोवती बसून राहिले. मेंगचा फोन थरथरला, तर त्याने तो मांडीखाली दाबला.

"उठली की वीसला देऊन टाका," मेंग कुजबुजला.

"झोपलेल्या माणसाच्या मागे भाव पाडताय? लाज नाही वाटत?" बोंग-इमही कुजबुजली.

"काकू, ती झोपलीय तोवर तिला साडेवीसला पण आवडेल. उठल्यावर नाही."

"दोघं गप्प बसा," मान-शिक म्हणाला. "गिऱ्हाईक उठेल."

ती उठली तेव्हा संध्याकाळचं ऊन भिंतीवर आलं होतं. ओशाळून बसली, केस नीट केले आणि म्हणाली, "वीसला द्याल का?" बोंग-इमने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने होकारार्थी मान डोलावली. आणि मग बोंग-इम म्हणाली, "जेवून जा."

करारावर शिक्के मारायला मेंगला पुन्हा पाच मजले चढावे लागले. शिक्के झाले, हा-रिम गेली, आणि लगेच बोकबीवरून भांडण जुंपलं. मेंग म्हणाला, वीसला गेलंय, ठरल्याप्रमाणे पूर्ण. बोंग-इम म्हणाली, "तुमच्या त्या शेजाऱ्यापायी गिऱ्हाईक दारातून परत चाललं होतं! घर विकलं यांच्या शिंकेने. भाग्य आणलं असेल तर या कात्रीने. तुम्हाला निम्मी दिली तरी पुष्कळ."

"काकू, गिऱ्हाईक मी आणलं की कात्रीने?"

मी कान टवकारले. पण निकाल माझ्या बाजूने लागला नाही.

"पूर्ण देऊ," मान-शिक म्हणाला. "शब्द दिलाय. पण मेंग साहेब, पूर्ण फी म्हणजे पूर्ण काम. घर तुम्ही नव्या माणसाच्या ताब्यात देणार ते रिकामं करून. सामान शिडीच्या गाडीने खिडकीतून खाली जाईल. मी कसा जाणार? भाचा येणार होता, त्याची कंबर धरलीय."

मेंगने खोलीभर नजर फिरवली, जणू दुसरा कुणी मेंग तिथे असेल. मग टाय सैल केला. "तरुणपणी गावच्या आखाड्यात कुस्ती मारून मी बक्षिसाचा बैल जिंकलाय, काका. तुम्ही काय आहात?"

सामान हलवायच्या दिवशी खिडकीला शिडी लागली. कपाटं, गाद्या, लोणच्याचे बुधले खाली गेले. मान-शिकने कामगारांना हळूच विचारून पाहिलं, मला कपाटात बसवून पाठवता का? "आजोबा, माणूस चढवला तर आमचं लायसन जाईल," म्हणून त्यांनी हात जोडले. मग मेंग दारात पाठ करून खाली बसला, आणि म्हातारा त्याच्या पाठीवर चढला. बोंग-इमने मला चौकटीवरून काढलं आणि कुबडी काखेत मारून मागोमाग निघाली.

चौथ्या मजल्यावर मेंग ठीक होता. तिसऱ्यावर म्हणाला, "काका, बैल हलका होता."

"टायने घाम पुसा, पण वळण नीट घ्या. प्रवासी आहे, बटाटे नाहीत."

"इथे थांबून बोकबीचं पुन्हा बोलायचं का?"

"आता बोलाल तर वाढवून द्यावी लागेल. माझी मान तुमच्या हातात आहे."

दुसऱ्या मजल्यावर नाम-ई दार उघडून उभीच होती. "ताई, ती कात्री इथेच दे. भाऊजींच्या पाठोपाठ आम्हीही घर विकायला काढलंय." बोंग-इमने मला तिच्या हातात ठेवलं, एकदा माझ्या मुठीवरून बोट फिरवलं, आणि उतरत गेली. नाम-ईने लगेच मला आपल्या दारात टांगलं. म्हणून पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

मेंगची जड पावलं तळाशी पोचली. कुबडी फरशीवर वाजली. मला वाटलं, आता म्हातारा रडणार.

"अगं," खालून मान-शिकचा आवाज आला, "माझे बूट?"

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. वर्षभर त्याला बूट लागलेच नव्हते. मी दारात टांगलेली, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचे बूट रोज बघत होते. त्यात त्याचे नाहीत हे मलाही एकदासुद्धा जाणवलं नाही. मला फार वाईट वाटलं.

बोंग-इम रडवेली झाली होती. "गाडीत गेले असतील हो... कुठल्या खोक्यात घातले मी..."

"राहू दे," तो म्हणाला. "गार लागतंय. छान लागतंय. जरा उभा राहतो असाच."

तर आता मी दुसऱ्या मजल्यावर असते, उलटीच. नाम-ई मला चोरीची म्हणत नाही आणि खरेदीचीही नाही, वापरलेली म्हणते. काल मेंग येऊन गेला. खिडकीतून वारा घेतला, छातीवर हात ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तेवीस म्हणता म्हणता एकवीस म्हणाला. एवढी सुधारणा पुरे आहे.

घर विकायला काढलेल्या भल्या माणसांनो, मला टांगायचं तर खुशाल टांगा, माझी तक्रार नाही. भाव सांगणाऱ्याला विचारा, आमचे पैसे कमी झाले तर तुमचे किती कमी होतात? दलालीवर भांडा, मनसोक्त भांडा. पण ज्या माणसासाठी घर विकताय, त्याचे बूट आधी दाराशी काढून ठेवा.